बालवाडीत गोवराचा एक रुग्ण. बाकीच्या मुलांचं काय करायचं?

अबोली
गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेला जोडून बालवाडी आहे, पट ३८. साडेतीन वर्षांच्या एका मुलाला ७ तारखेपासून ताप, सर्दी, कोरडा खोकला होता, डोळे लाल आणि पाणावलेले. ९ पर्यंत मूल वर्गात येत होतं, जाताना-येताना बालरथात (शाळेच्या बसमध्ये) बसत होतं. १० तारखेला सकाळी कानामागे आणि केसांच्या कडेला पुरळ दिसलं, संध्याकाळपर्यंत तोंडभर झालं. डॉक्टरांनी गोवराचा संशय सांगितलाय. आज ११.

परवा पालकांची सभा आहे. काय विचारतील ते आत्ताच कानावर येतंय. शाळा किती दिवस बंद ठेवणार? फिनेल मारून घेतलं का? ज्यांना लस दिली आहे त्यांना होईल का? पुढच्या आठवड्यात शिगमो म्हणजे शिमगा आहे, मुलांना रोमटामेळाच्या मिरवणुकीला न्यायचं की नाही? आणि वाड्यावरची जुनी माणसं सांगतात की गोवर प्रत्येकाला एकदा यायचाच असतो, येऊन गेलेला बरा. यांना नेमकं काय सांगावं? ढोबळ सल्ला नको, तारखा आणि आकडे हवेत.

म्हादईकाठ
अबोलीताई, आधी एक कोरा कागद घ्या आणि तारखा मांडा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोग पसरवतं. पुरळ १० ला उठलं, म्हणजे ६ ते १४ हे त्याचे संसर्गाचे दिवस. त्यातले ६ ते ९ त्याने वर्गात काढले, आणि तेव्हा ते फक्त सर्दी-खोकल्याचं मूल होतं. गोवर आवरायला कठीण जातो तो यामुळेच. पुरळ बघून मूल घरी ठेवलं तोवर त्याच्याकडून जायचं ते गेलेलं असतं. तरीही घरी ठेवायचंच, १४ संपेपर्यंत. १५ ला ताप नसेल आणि अंगात ताकद असेल तर येऊ दे.

आता संपर्कात कोण आलं ते. सभेत कुणीतरी विचारणार, "आमचा त्याच्या शेजारी बसत नव्हता, मग?" शेजारी बसण्याचा इथे काही संबंध नाही. खोकल्या-शिंकेतून उडालेल्या थेंबांतलं पाणी सुकतं आणि विषाणूसकट अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत, मूल निघून गेल्यावरसुद्धा, दोन तासांपर्यंत ते कण श्वासातून दुसऱ्याच्या आत जाऊ शकतात. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: ६ ते ९ या दिवसांत, ते मूल असताना किंवा ते गेल्यावर दोन तासांत, त्याच हवेत कोण होतं? बालवाडी सुटल्यावर त्याच खोलीत पहिलीची मुलं बसत असतील तर ती यादीत. बालरथ बालवाडीच्या मुलांना सोडून लगेच दुसऱ्या फेरीला जात असेल तर त्या फेरीची मुलंही यादीत, चालक आणि मदतनीस बाईसुद्धा. दुसरी फेरी हमखास विसरली जाते.

यादीतल्या ज्यांच्याकडे प्रतिकारशक्ती नाही अशा दहांपैकी नऊ जणांना गोवर होतो. जिथे कुणालाच प्रतिकारशक्ती नाही अशा वस्तीत एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना रोग देतो. एवढा पसरणारा दुसरा रोग क्वचितच सापडेल. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवर पोचला तेव्हा ७,८०० च्या आसपास वस्तीतले सुमारे ६,००० लोक आजारी पडले. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून तारखा नोंदवल्या आणि संसर्गापासून पुरळापर्यंत दोन आठवडे जातात हे दाखवलं. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांनीही तो पुन्हा झाला नाही, हेही त्यानेच नोंदवलं.

तेच दोन आठवडे तुमच्या वर्गाला लावा. संसर्ग ६ ते ९ मध्ये झाला असेल तर ताप-सर्दी साधारण १६ ते १९ च्या दरम्यान सुरू होईल आणि पुरळ २० ते २३ ला. उशिरात उशिरा २१ दिवस, म्हणजे ३० तारीख. १६ पासून रोज सकाळी बालरथात चढतानाच प्रत्येक मुलाच्या कपाळाला हात लावा, डोळे बघा. ताप किंवा लाल डोळे दिसले तर मूल तिथूनच परत. वर्गात येऊन बसल्यावर परत पाठवण्यात अर्थ नाही.

त्या दिवसांत तोंडात टॉर्च मारून बघणंही उपयोगाचं. गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढांसमोर, लाल झालेल्या त्वचेवर मिठाचे खडे भुरभुरावेत तसे बारीक पांढुरके ठिपके दिसतात. त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच जातात. दुधाची साय चिकटली असेल तर पाण्याने खळखळवल्यावर निघते, हे निघत नाहीत. ठिपके नसले म्हणून गोवर नाही असं मात्र धरू नका.

फिनेलने फार काही साधत नाही. उघड्यावर, पृष्ठभागावर हा विषाणू दोन तासांच्या आत मरतो. खिडक्या उघडा, दोन्ही बाजूंच्या. बालरथाच्याही.

आणि आजच, सभेची वाट न पाहता, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. ताप आणि पुरळ एवढ्यावरच संशयित म्हणून नोंद होते, खात्री व्हायची थांबायचं नसतं. ते रक्ताचा आणि घशाचा नमुना घेतात. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेल्या रक्तात आयजीएम प्रतिपिंडं (ताज्या संसर्गाची खूण) सापडतीलच असं नाही, त्यामुळे पहिला अहवाल निगेटिव्ह आला तर घाईने सुटकेचा निःश्वास टाकू नका. पुन्हा नमुना देता येतो.

माडाखाली
वरच्या माहितीत एक भर. आपल्याकडे ताप-पुरळ म्हटलं की आधी डेंगी आठवतो, ते चूक नाही, पण फरक बघावा. डेंगीत नाक गळणं, खोकला, चिकट लाल डोळे सहसा नसतात. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात, गोवराचं पुरळ सपाट किंवा किंचित उठलेलं, तोंडापासून छातीवर, मग पायांकडे असं तीन दिवसांत उतरतं. लहान बाळांत ताप उतरल्यावर पुरळ येतं तो वेगळाच, साधा आजार. गोवरात पुरळ उठताना ताप उलट चढतो, १०४ पर्यंत. रुबेला या गोवरासारख्या सौम्य आजारात ताप बेताचा आणि कानामागे, मानेमागे गाठी. पण हे सगळं डॉक्टरकडे काय सांगायचं यासाठी. घरबसल्या निदान करू नये.

शाळा २१ दिवस बंद ठेवावी असं माझं मत होतं, यावर म्हादईकाठ काय म्हणतात?

म्हादईकाठ
बंद ठेवू नये असं मला वाटतं. बंद शाळेची मुलं घरात बसत नाहीत. शेजारच्या घरी जातात, आजोळी जातात, धाकट्या भावंडांत खेळतात, आणि तिथे कपाळाला हात लावायला कुणी नसतं. शाळा चालू असली की ३८ जणांची रोज नोंद होते आणि लसीची कार्डं तपासता येतात. मात्र ज्यांचे गोवराच्या लसीचे दोन डोस झालेले नाहीत त्यांना ३० पर्यंत घरी ठेवावं का, हे आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून ठरवा.

शिगम्याचं म्हणाल तर दोन डोस झालेली, बरी असलेली मुलं जाऊ देत. अजिबात डोस न झालेलं मूल आणि नऊ महिन्यांखालचं बाळ मात्र त्या गर्दीत नेऊ नका.

शीतपेटी
लसीच्या बाजूने लिहितो. लांबेल, पण सभेत पालकांशी गाठ इथेच पडणार आहे.

"लस झाली का?" असं विचारूच नका. सगळे हो म्हणतात. कार्ड मागवा आणि एमआर (गोवर-रुबेला) या ओळीत दोन तारखा आहेत का ते बघा. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. पहिला झालेला असतो, दुसरा राहतो, त्याची कारणंही ठरलेली. दीड वर्षाच्या सुमारास त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओही असतो. त्या दिवशी मुलाला ताप होता म्हणून एकच सुई दिली गेली, आणि घरी समज झाला की "दीड वर्षाची लस झाली". किंवा मधे बिऱ्हाड बदललं. कुंडई, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत, बांधकामांवर काम करणाऱ्यांची मुलं पहिला डोस एका राज्यात घेतात आणि दुसऱ्याच्या वेळी इथे असतात. त्यांना परकं समजून यादीतून वगळणं हे स्वतःच्या मुलांसाठीही धोक्याचं.

खासगी कार्डावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लिहिलेलं असेल तर तोही गोवराचा डोस धरा. नऊ महिन्यांच्या आधी दिलेला डोस मात्र दोनांत मोजायचा नाही. कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्राच्या नोंदवहीत किंवा सरकारच्या यू-विन या लसीकरण पोर्टलवर शोधा. कुठेच नोंद नसेल तर झाली नाही असं धरून लस द्यायची. चुकून एक डोस जास्त गेला तर अपाय नाही.

दुसऱ्या डोसाला सगळे बूस्टर म्हणतात. हा शब्दच घात करतो. बूस्टर म्हणजे वरची मलमपट्टी, राहिली तरी चालेल, असं वाटतं. खरी गोष्ट अशी की नवव्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं थोडी शिल्लक असतात, ती लसीतला विषाणू वाढायच्या आतच मारतात. त्यामुळे त्या वयात साधारण ८५ टक्के मुलांनाच पहिला डोस लागू पडतो. मग नऊ महिन्यांना का द्यायचा, उशिरा का नाही? कारण आपल्याकडे त्या वयाच्या बाळांनाही गोवर गाठतो आणि त्यांच्यात तो सगळ्यात वाईट. तुमच्या ३८ जणांनी फक्त पहिला डोस घेतला असता तर पाच-सहा मुलं लस घेऊनही उघडी. कोणती, ते बाहेरून कळत नाही. दुसरा डोस त्या पाच-सहांसाठी आहे. दोन्ही डोस झाल्यावर संरक्षण ९७ टक्क्यांच्या आसपास जातं.

आता हे वाड्याच्या पातळीवर बघा. एखाद्या भागात वर्षाला १०० मुलं जन्मतात. ९० जणांना पहिला डोस मिळाला, त्यातल्या ८५ टक्क्यांना लागला, म्हणजे ७६. उरली २४. पुढच्या वर्षी आणखी २४. चार वर्षांत शंभराला टेकलं, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची मुलं बिनसंरक्षणाची साठली, आणि त्या चार वर्षांत गोवर कुणाला दिसलेलाही नसतो. गावात सगळं आलबेल वाटत असतानाच हा साठा वाढतो. दोन डोसांचं प्रमाण प्रत्येक गावात ९५ टक्क्यांवर हवं म्हणतात ते यासाठी. राज्याची सरासरी चांगली असून भागत नाही, विषाणूला एक वाडा पुरतो.

गोव्यापुरता एक मुद्दा. फेब्रुवारी २०१७ मध्ये एमआरची मोठी मोहीम झाली, तिच्या पहिल्याच टप्प्यात गोवा होता. नऊ महिने ते १५ वर्षांखालच्या सगळ्यांना, आधीचे डोस झाले असोत वा नसोत, एक जादा डोस मिळाला. ती मुलं आता मोठी झाली. आज बालवाडीत आणि प्राथमिकच्या खालच्या वर्गांत असलेल्या मुलांना त्या मोहिमेचा आधार नाही. त्यांना आहेत ते कार्डावरचे दोनच डोस. त्यातही २०१८-१९ मध्ये जन्मलेल्यांचा दुसरा डोस नेमका टाळेबंदीच्या महिन्यांत येत होता, तेव्हा देशभर लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली होती. पहिली-दुसरीच्या वरची कार्डंही याच निमित्ताने काढा.

शेवटी कुपीबद्दल. पालकांची तक्रार असते, "नर्सबाई म्हणाल्या पुढच्या वेळी या, मूल घेऊन हेलपाटा झाला." त्यामागचं कारण कळलं तर राग निवतो. एमआर कुपीत कोरडी, पांढऱ्या चकतीसारखी असते. सोबत वेगळं द्रावक येतं, तेही आधीपासून २ ते ८ अंशांत थंड केलेलं लागतं, कारण कोमट द्रावक घातलं तर जिवंत विषाणू तिथेच मरतो. एका कुपीत पाच किंवा दहा डोस. प्रत्येकी अर्धा मिलिलीटर, उजव्या दंडात, कातडीखाली. मिसळल्यापासून चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. हिच्यात जंतुनाशक नसतं. चार तासांनंतर चुकून जंतू शिरलेले असतील तर त्यांचं विष तयार होतं आणि तेच सुईतून बाळाच्या अंगात जातं. त्यामुळे सकाळी फोडलेली कुपी चार तास उलटल्यावर दुपारी देत नाहीत, आणि देत असतील तर घेऊ नका. कुपी फोडली ती वेळ लेबलावर लिहिलेली असते, ती विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मात्र एकाच मुलासाठी कुपी फोडायची नाही हा नियम नव्हे, फुकट जाईल या भीतीने पडलेली सवय आहे. नियम उलट आहे: मूल आलं तर फोडायची.

सुरंगी
आजारी मुलाच्या घरी काय चाललंय तेही बघा. लसीच्या गडबडीत ते मूल मागे पडतं.

गोवरावर विषाणू मारणारं औषध नाही. मूल दगावतं ते बहुतेक वेळा मागून येणाऱ्या न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी. दहांत एखाद्याचा कान वाहतो, हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. म्हणून सगळं लक्ष श्वास, पाणी, खाणं आणि डोळे यांवर.

जीवनसत्त्व अ हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग. गोवर शरीरातला अ चा साठा संपवतो, त्याने डोळ्याची काच पांढरी पडून मूल आंधळं होऊ शकतं. एक वर्षावरच्या मुलाला २ लाख युनिट आज आणि २ लाख उद्या, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, सहा महिन्यांखाली ५० हजार, तसंच दोन दिवस. डोळ्यांत लक्षणं असतील तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस. हे केंद्रातूनच, त्यांच्या चमच्याने. आधी अंगणवाडीत दिलं होतं म्हणून आता नको, असं नाही. पण घरी बाटली आणून पाजत बसू नये, जास्त झालं तर बाधतं.

तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. चूक होते ती बाटलीत. एका सिरपमध्ये ५ मिलिलीटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. दहा किलोच्या मुलाला पहिल्याचं ६ मिलिलीटर, दुसऱ्याचं ३. लेबल वाचल्याशिवाय झाकणाने मोजून देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको.

पथ्याचा जो घोळ घालतात त्याने फार नुकसान होतं. खोली बंद करून अंधारात ठेवायचं, आंघोळ नाही, तेल-तूप नाही, दोन दिवस फक्त पाणी. गोवरात तोंड आलेलं असतं, मूल आधीच खात नाही, त्यात उपाशी ठेवलं तर आठवड्यात हाडं दिसतात. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, थोडी थोडी, दिवसातून सात-आठ वेळा. तिच्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल. अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका. जुलाब असतील तर प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. दाराला कडुनिंबाची डहाळी लावली तर कुणाचं काही बिघडत नाही, आजीच्या मनाला बरं वाटतं. पण कडुनिंबाचा रस पाजणं आणि डोळ्यांत कुठलाही पाला पिळणं थांबवा. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. उजेड खुपत असेल तर पडदा ओढा, खिडकी उघडीच ठेवा.

श्वास मोजायला शिकवा. मूल शांत असताना, पोटावरचं कापड वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक वर्षाखाली ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल तर लगेच इस्पितळ. छाती आत ओढली जातेय, पाणीही पीत नाही, झटका आला, सारखं झोपाळतंय, बुबुळावर धूसरपणा, तर रात्री दोन वाजता असलं तरी निघा. आणखी एक खूण: पुरळ उठल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरायला लागतो. तो उतरला नाही, किंवा उतरून परत चढला, तर मागे दुसरं काही सुरू झालंय.

पुरळ मावळताना तपकिरी डाग राहतात, कोंड्यासारखी साल निघते. त्याला घाबरू नका.

अबोली
सगळ्यांचे आभार. कागद केला, केंद्राला कळवलं, नमुना घेऊन गेले. तीन गोष्टी अडल्या आहेत. एक, या मुलाला सात महिन्यांची बहीण आहे, आणि बालवाडीची मदतनीस चार महिन्यांची गरोदर. दोन, ७२ तासांच्या आत लस दिली तर गोवर टळतो असं वाचलं, ते अजून लागू आहे का? तीन, दोन पालक लसीला स्पष्ट नाही म्हणतात. एकाला स्वमग्नतेची (ऑटिझमची) भीती, दुसऱ्याचं म्हणणं की थोरल्याला लस दिल्यावर आठ दिवसांनी ताप आणि पुरळ आलं होतं, म्हणजे लसीनेच गोवर दिला.

म्हादईकाठ
बहीण आणि मदतनीस, दोघींचं आज. गरोदरपणात एमआर देत नाहीत, जिवंत विषाणूची लस आहे. सात महिन्यांच्या बाळाचा लसीचा दिवस अजून आलेला नाही. दोघींसाठी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, हा मार्ग असतो, पण पहिल्या संपर्कापासून सहा दिवसांच्या आतच. पहिला संपर्क ६ ला धरला तर १२ ही शेवटची तारीख. म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ), केंद्राच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. गोवराचा रुग्ण घरात आहे हे दारातच सांगा, रांगेत जाऊन बसू नका. मदतनीस बाईंना पूर्वी गोवर येऊन गेल्याची किंवा दोन डोसांची खात्री असेल तर गरज नसते, रक्ततपासणीने तेही कळतं.

साथ पसरली तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक आगाऊ डोस देतात. २०२२ च्या शेवटी मुंबईत साथ आली तेव्हा केंद्र सरकारने तशी सूचना काढली होती. तो निर्णय आरोग्य खातं घेतं. दिला तरी नववा महिना आणि दीड वर्ष, हे दोन्ही पुढे द्यायचेच.

७२ तासांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेकांसाठी ती वेळ गेली. ते तास पहिल्या संपर्कापासून मोजतात, पुरळ दिसल्यापासून नाही. ६ ला वर्गात असलेल्या मुलाचे ७२ तास ९ ला संपले. तरीही लस आज-उद्या द्याच. एखाद्याचा संपर्क ९ लाच झाला असेल, त्याची वेळ १२ पर्यंत आहे. काहींना संसर्ग झालेलाच नसेल. आणि २० ला दुसरी फेरी सुरू झाली तर आज दिलेली लस तोवर कामाला लागलेली असेल.

शीतपेटी
थोरल्याच्या तापाबद्दल त्या पालकांना खोटं पाडू नका, त्यांनी पाहिलं ते खरं आहे. लसीतला कमजोर केलेला विषाणू अंगात थोडा वाढतो, म्हणून सातव्या ते बाराव्या दिवशी काही मुलांना ताप येतो, थोड्यांना फिकट पुरळही. एक-दोन दिवसांत जातं. ते दुसऱ्याला लागत नाही, त्यातून न्यूमोनिया होत नाही. हे लस देतानाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही म्हणून गैरसमज झाला. सुईनंतर अर्धा तास केंद्रातच थांबवतात ते वेगळ्या कारणासाठी: तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते आणि ती लगेच होते. साधी सर्दी, किरकोळ जुलाब, अंड्याची अ‍ॅलर्जी ही लस टाळण्याची कारणं नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

स्वमग्नतेची भीती ज्या लेखातून आली तो १९९८ चा, बारा मुलांवरचा. २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला, त्याच वर्षी लेखक वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली, २०१९ मध्ये निष्कर्ष आला, संबंध सापडला नाही. स्वमग्नतेची लक्षणं ज्या वयात आईबापांच्या ध्यानात येतात त्याच वयात ही लस असते, म्हणून मनात गाठ बसते. शांतपणे एवढंच सांगा. आणि सभेत चारचौघांसमोर नको, बाजूला बसवून.

सुरंगी
आणि "येऊन गेलेला बरा" म्हणणाऱ्यांना हेही सांगा. गोवर आधी मिळवलेली प्रतिकारशक्ती पुसतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली दिसली. "गोवर आला आणि पोर वर्षभर आजारीच राहिलं" असं जुनी माणसं सांगतात, ते यामुळेच. वयाच्या दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांपैकी क्वचित एखाद्याचा मेंदू सात-दहा वर्षांनी हळूहळू निकामी होत जातो, त्यावर इलाज नाही. लसीने हे होत नाही. एमआरमधला र रुबेलाचा, तो मुलींच्या पुढच्या बाळंतपणांचंही रक्षण करतो: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदूचं, हृदयात दोष घेऊन जन्मू शकतं.

अबोली
कार्डं आली. ३८ पैकी ३० जणांचे दोन्ही डोस, ५ जणांचा एकच, २ जणांचा एकही नाही, एकाचं कार्ड हरवलेलं. बालरथाच्या दुसऱ्या फेरीत पहिलीची आणखी तीन मुलं निघाली, त्यांचा दुसरा डोस नाही.

शीतपेटी
म्हणजे ३८ मध्ये ७९ टक्के. ९५ पासून बरंच लांब, आणि विचारलं असतं तर सगळ्यांनी "झाली" म्हटलं असतं.

हरवलेल्या कार्डाचं मूल यू-विनवर मिळालं नाही तर ते धरून अकरा मुलं. पाच वर्षांखालच्यांना केंद्रात लगेच मिळेल. पहिलीची तीन त्याहून मोठी असतील तर डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, गरज पडल्यास बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर घेता येते. एकही डोस न झालेल्या दोघांना उद्या पहिला, दुसरा किमान चार आठवड्यांनी, ती तारीख तिथेच कार्डावर लिहून घ्या आणि तुमच्या वहीतही. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांची धाकटी भावंडंही विचारा, थोरल्याचा राहिला तिथे धाकट्याचाही राहिलेला असतो. सगळ्यांना वेगवेगळ्या दिवशी पाठवू नका. उद्या सकाळी दहाला, एकाच बालरथाने, खिडक्या उघड्या ठेवून. दहा डोसांची कुपी एकदम संपते, आणि नर्सबाईंना ती फोडताना दोनदा विचार करावा लागत नाही.

म्हादईकाठ
आणि ती वही ३० ला मिटू नका. २१ ला दुसऱ्या कुणाला पुरळ उठलं तर नवी मोजणी सुरू: त्याचे संसर्गाचे दिवस १७ ते २५, आणि त्याच्या हवेत आलेल्यांवर शेवटच्या संपर्कापासून पुढचे २१ दिवस नजर.